स्कायरिममध्ये शेवटी सगळेच धनुष्य का उचलतात?

तिरकमठा

नमस्कार मंडळी,

स्कायरिम या व्हिडिओ गेमवर इथे आधीही धागे निघालेत, पण ते बहुतेक "कुठलं मॉड टाकू" आणि "माझ्या लॅपटॉपवर चालेल का" या वळणाचे. मला खेळण्याच्या एका पद्धतीबद्दल बोलायचंय.

११ नोव्हेंबर २०११ ला हा गेम आला. तेव्हापासून माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी तो खेळला ते फिरून फिरून एकाच जागी येतात. कुणी ठरवतो की यंदा दोन हातांची कुऱ्हाड, कुणी निव्वळ जादूगार, कुणी ढाल-तलवार. पाच-सात गुहा झाल्या की बघावं तर स्वारी अंधारात खाली वाकलेली, हातात धनुष्य, आणि आपण कुणाला दिसतोय का ते सांगणारा पडद्यावरचा तो डोळा मिटायची वाट बघतेय.

यावर शेरा ठरलेला: आळशी खेळ. लांबून मारायचं, लपायचं, परत मारायचं. मला हे अजिबात पटत नाही. तलवारवाला खोलीत शिरतो आणि मग काय आहे ते बघतो. धनुष्यवाल्याला आधी बघावं लागतं. कोण कुठे उभा आहे, कुणाचं तोंड कुणीकडे, मशाल कुठल्या भिंतीला, जिन्यावरचा आधी पडला तर खालच्याला दिसेल का, आणि दिसलाच तर आपल्याला मागे सरकायला जागा आहे का. बाण सुटायच्या आधी सगळा विचार झालेला असतो. या गेममधली सगळ्यात जास्त डोकं लावायची पद्धत हीच, असं माझं ठाम मत आहे.

तर प्रश्न असा की तुम्हीही शेवटी इथेच येता का, आणि का येता? आणि जोडीला एक मदत हवी आहे. आता लेजेंडरीवर (सगळ्यात अवघड पातळीवर) पहिल्यापासून फक्त धनुष्य घेऊन सुरुवात करतोय. पर्क (लेव्हल वाढली की निवडायच्या खास क्षमता) कुठल्या क्रमाने घ्यावेत?

अनाहूत

वाचतोय. ऑफिसात आहे, सविस्तर रात्री.

दिवेलागण

चांगला विषय. यामागे सरळसरळ गणित आहे, ते मांडतो.

बाणाचा डॅमेज बऱ्याच ठिकाणांहून वाढतो आणि प्रत्येक वाढ आधीच्या वाढीवर चढते. आर्चरीतला (तिरंदाजीच्या कौशल्यातला) ओव्हरड्रॉ हा पर्क पाच पायऱ्यांचा, शेवटच्या पायरीला डॅमेज दुप्पट. स्मिदिंग (लोहारकाम) वाढवलंत की तेच धनुष्य ग्राइंडस्टोनवर सुधारता येतं. एन्चांटिंगने (वस्तूंवर जादू चढवण्याच्या कौशल्याने) शिरस्त्राण, हातमोजे, अंगठी आणि गळ्यातलं अशा चार वस्तूंवर फॉर्टिफाय आर्चरी चढवता येतं. या सगळ्याचा जो आकडा येईल त्याला, लपून मारलात तर, थेट दोनाने गुणायचं. स्नीक (लपण्याचं कौशल्य) ४० ला डेडली एम हा पर्क घेतलात की तिनाने.

आता जादूगाराकडे बघा. डिस्ट्रक्शनचं, म्हणजे मारक मंत्रांचं, कौशल्य कितीही वाढलं तरी मंत्राचा मूळ डॅमेज वाढत नाही, मंत्र फक्त स्वस्त होतो. पर्कमधून जास्तीत जास्त पन्नास टक्के मिळतात, काढा प्यायलात तर थोडे आणखी. एन्चांटिंगने मॅजिकाचा (मंत्रशक्तीचा) खर्च पार शून्यावर आणता येतो, पण मार तेवढाच. शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर दणकट होत जातात आणि तुमचा फायरबॉल जिथल्या तिथे. मग आपला जादूगार एखाद्या ड्रॉगर डेथलॉर्डपुढे (थडग्यातल्या दणकट जिवंत प्रेतापुढे) दहा वेळा मॅजिका संपवतो आणि पिशवीतलं धनुष्य काढतो. त्याने हट्ट सोडला असं मी म्हणणार नाही. गेमच त्याला तिकडे ढकलतो.

लेजेंडरीवर तर आणखीच. ही पातळी २०१३ च्या १.९ पॅचमध्ये आली. तुमचा मार पाव होतो, तुम्हाला बसणारा तिप्पट. जिथे एक फटका खाणं परवडत नाही तिथे न दिसता बसणारा पहिला बाण सोन्याच्या मोलाचा.

शेवगा

धागाकर्त्याशी असहमत, आणि थोडं जोरात असहमत.

विचार करायला लावणारा म्हणे! अहो, समोरचा दरोडेखोर विचार करत नाही हो. जोडीदार पायाशी मरून पडलाय, स्वतःच्या छातीत बाण रुतलाय, आणि हा थोडा वेळ इकडेतिकडे फिरून "कुणी नसेल" म्हणत पुन्हा शेकोटीजवळ उभा. तुम्ही कितीही बारीक योजना करा, फसली तरी फार काही बिघडत नाही. दोन पावलं मागे, डोळा मिटेपर्यंत थांबा, पुन्हा मारा. चूक महाग पडत नसेल तर योजनेला काय किंमत?

लपण्याचा खरा खेळ बघायचा असेल तर १९९८ चा थीफ खेळा. तिथे समोरासमोर तलवारीने दोन पहारेकरी अंगावर आले तर कथा आटोपली. पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते, शेवाळाचा बाण मारून फरशीवर पावलांचा आवाज दाबता येतो, दोराचा बाण तुळईत मारून वर चढता येतं. अंधार तुम्ही स्वतः तयार करता. स्कायरिममध्ये भिंतीवरची मशाल बाणाने विझत नाही. म्हणजे जो अंधार मिळालाय त्यातच बसायचं. हे लपणं अर्धवट आहे.

तिरकमठा

@शेवगा, मशालीचा मुद्दा एकदम मान्य. इतक्या मोठ्या गेममध्ये ती एक सोय असती तर मजा कितीतरी वाढली असती.

पण चूक महाग पडत नाही हे ॲडेप्टवर (मधल्या पातळीवर) खरं. वरच्या पातळीवर दोन धनुर्धारी आणि एक जादूगार एकदम जागे झाले की मागे सरकायला तेवढा वेळ मिळत नाही. आणि बाण नुसता मारायलाच असतो असं नाही. समोरच्या भिंतीवर मुद्दाम चुकवून मारा, आवाजाच्या दिशेने पहारेकरी निघतो, आणि तो निघाला की दाराजवळची जागा मोकळी. याला मी विचारच म्हणेन.

प्राजक्ता_कोथरूड

+१ शेवगा. मला स्कायरिम प्रचंड आवडतो, पण लपतछपत खेळताना तो फार हळू होतो. डोंगर, पाऊस, उत्तरेकडचे ते रात्रीचे रंगीत आकाश सोडून माणूस सगळा वेळ जमिनीपासून दोन फुटांवर. मी ढाल घेऊन धावत जाते. मेले तर मेले.

नारायणपेठी

गेम माझा विषय नाही, मुलं खेळतात तेव्हा मागे उभा राहून बघतो. पण हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. रामाने वालीला झाडाआडून बाण मारला, तेव्हा पडलेल्या वालीनेच त्याला विचारलं की मी दुसऱ्याशी लढत असताना, समोर न येता तू मला मारलंस, हा कुठला धर्म? किष्किंधाकांडात वालीचा तो प्रश्न चांगला लांबलचक आहे आणि रामाचं उत्तरही. पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकार त्यावर बोलत आलेत. तेव्हा धनुष्यवाल्यांना आज कुणी नावं ठेवली तर मनाला लावून घेऊ नका.

अनाहूत

नारायणपेठीकाका, प्रतिसाद फार आवडला. नेमका याच प्रश्नावर अख्खा गेम आहे, २०२० चा घोस्ट ऑफ त्सुशिमा. नायक जिन हा सामुराई. शत्रूच्या डोळ्यांत बघून लढायचं हे त्याच्या काकाने त्याला शिकवलेलं. मंगोल सैन्यापुढे ते पुरत नाही म्हणून तो लपून मारायला लागतो, आणि काका-पुतण्यांत तिथे जी दरी पडते ती शेवटपर्यंत भरत नाही. तुमची मुलं खेळत असतील तर हा त्यांच्याबरोबर बसून बघा.

आता मूळ मुद्दा. दिवेलागण यांचं गणित बरोबर आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. फक्त आकड्यांचाच खेळ असता तर सगळे खंजीर घेऊन फिरले असते! स्नीक ५० ला असॅसिन्स ब्लेड घेतला की लपून मारलेल्या खंजिराला पंधरा पट. त्यावर डार्क ब्रदरहूडचे हातमोजे चढवले की तीस पट. धनुष्य कुठे तिनावर बसलंय. तरी लोक धनुष्यच धरतात. म्हणजे कारण दुसरं आहे.

दिवेलागण

@अनाहूत, चांगला पकडलात. खंजिराला जवळ जावं लागतं, आणि जवळ जाणं इथे अवघड केलंय. आपण दिसतो की नाही हे अंतर, उजेड आणि हालचाल यावर ठरतं. शिवाय आवाज, आणि तो चिलखताच्या वजनावर, त्यातही बुटांवर. आवाज दाबणारा मफल्ड मूव्हमेंट पर्क किंवा मफलचा मंत्र नसेल तर जड बूट घालून कुणाच्या पाठीशी पोचणं विसरा. धनुष्याला यातलं अंतर फुकटात मिळतं. त्यामुळे सुरुवातीच्या लेव्हलला, जेव्हा स्नीक वीस-पंचवीस असतं, धनुष्यच परवडतं. एकदा हात बसला की माणूस बदलत नाही.

दुसरं म्हणजे बाणांना मूळ गेममध्ये वजनच नाही. हजार बाण पाठीवर घेऊन फिरा. सर्व्हायव्हल मोड लावलात तर बाणांना वजन येतं, आणि मग बघा माणूस मेलेल्यांच्या अंगातले बाण कसे वेचत बसतो.

तिरकमठा

अनाहूत, तुम्ही म्हणता ते दुसरं कारण मी सांगतो.

बाण सुटला आणि अजून लागला नाही, ती वेळ. लांबच्या पहारेकऱ्यावर सोडला तर तो हवेत दिसतो, थोडा वर चढतो, खाली येतो. पहारेकरी चालत असेल तर तो जिथे पोचणार आहे तिथे नेम धरलेला असतो. तेवढ्या वेळात तो वळू शकतो, थांबू शकतो. खंजिरात हे नाही. कुऱ्हाडीत तर नाहीच नाही. आपण केलेला अंदाज आपल्या डोळ्यांसमोर खरा किंवा खोटा ठरतो, ते बघायचं सुख या एकाच हत्यारात आहे. मी परत परत तिकडे वळतो ते यासाठी.

कसबा_पेठ

गनिमी कावा आपल्या रक्तात आहे, दुसरं काय! १६६३, लाल महाल, रात्रीची वेळ, आणि शायिस्ताखानाची बोटं.

शेवगा

@कसबा_पेठ, तिथे महाराज स्वतः आत शिरले होते आणि हातात तलवार होती. लाल महाल माझ्या बाजूला धरा.

कसबा_पेठ

खिक्. धरला.

सुलभाकाकू

मी या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, कन्सोल घरीच राहिलं. आधी नुसतं आत शिरून फुलं गोळा करायचे. निळी, जांभळी, लाल डोंगरी फुलं, फुलपाखरांचे पंख. त्यातून अल्केमीचा नाद लागला.

प्राजक्ता, तुझं धावत जाणं तुला जमतं, कारण तुझी बोटं चालतात. माझी तेवढी चालत नाहीत. समोरून माणूस कुऱ्हाड घेऊन आला की कुठलं बटण हे आठवेपर्यंत मी खाली पडलेली असते. धनुष्य घेतलं आणि पहिल्यांदाच हा गेम माझा झाला. खांबाआड बसून हवं तितका वेळ बघता येतं. घाई करायला कुणी सांगत नाही. आळस म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ज्यांचे हात मंद आहेत त्यांनाही या गेममध्ये पराक्रम करायला मिळतो तो या पद्धतीमुळे. याची मला फार किंमत आहे.

आणि विषाबद्दल कुणीच बोललं नाही! कॅनिस रूट आणि इम्प स्टूल एकत्र वाटा, अंग लुळं पाडणारं विष तयार. बाणाला लावून सोडलं की केवढाही दांडगा असो, तो आडवा. डेथबेल आणि नाइटशेड मिळून रक्त कमी करणारं विष होतं. हा सगळा पाला रस्त्याच्या कडेला फुकट मिळतो.

प्राजक्ता_कोथरूड

काकू, दंडवत. तुमचा प्रतिसाद आधी वाचला असता तर वरचा "हळू होतो" वाला मी वेगळा लिहिला असता. आणि आज घरी जाऊन इम्प स्टूल शोधणार.

तिरकमठा

काकू, धाग्याचं चीज झालं. एक विचारतो, रिव्हरवूडमधल्या फेंडलकडून शिकलात का? तो आर्चरी ५० पर्यंत शिकवतो. त्याची चिठ्ठीची भानगड मिटवून त्याला सोबत घेतलं की शिकवणीचे दिलेले पैसे त्याच्या पिशवीतून परत काढता येतात. म्हणजे शिक्षण फुकट.

सुलभाकाकू

शिकले. पण पैसे परत नाही घेतले. शिकवणाऱ्याची फी परत मागायची नसते.

दिवेलागण

हहपुवा. काकू, तुम्हाला बाणांचा एक भाता माझ्याकडून.

खडकवासला

एक अडचण मांडतो, पुण्यातल्या लोकांना कळेल. गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठी ढोल पथकांचा सराव चालतो. आमची इमारत मुठेला लागून. संध्याकाळी सात ते दहा गेममधला पावलांचा आवाज ऐकणं अशक्य. मागून कुणी येतंय का हे मला तरी मुख्यतः कानानेच कळतं. ड्रॉगर कुरकुरतो, शवपेटीचं झाकण सरकतं, फालमर फुसफुसतात. तेवढे दोन महिने मी धनुष्य ठेवून देतो आणि तलवार काढतो. ढोलाच्या ठेक्यावर तलवार चांगली चालते. पथकात बहीण आहे, त्यामुळे तक्रार नाही.

नारायणपेठी

फालमर म्हणजे कोण?

अनाहूत

काका, जमिनीखाली राहणारी आंधळी जमात. पूर्वी हिमप्रदेशातले एल्फ होते, ड्वेमरांनी आसरा देताना त्यांना आंधळं केलं अशी कथा. डोळे नाहीत म्हणून ते सगळं ऐकून करतात. त्यांचे धनुर्धारीही आहेत.

नारायणपेठी

म्हणजे शब्दवेधी. दशरथाची विद्या. त्याने घडा बुडल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितोय असं वाटून बाण सोडला आणि श्रावण गेला. मुलांना उद्या सांगतो.

सरळरेघ

मी खरी तिरंदाजी करते, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), त्यामुळे हा धागा दुसऱ्या बाजूने वाचतेय. स्कायरिमही खेळले आहे.

गेममध्ये सगळ्यात खोटं काय असेल तर प्रत्यंचा ओढून कितीही वेळ उभं राहता येणं. ईगल आयने जवळून बघायचं असेल तरच स्टॅमिना जातो, नुसतं ताणून बसायला काहीच लागत नाही. प्रत्यक्षात पुरुषांच्या रिकर्व्हला ४५ ते ५० पौंडांचा ताण सहज असतो. तो धरून दोनचार सेकंदांच्या वर गेलात की खांदा थरथरायला लागतो आणि नेम बिघडतो. शिकवताना पहिल्यापासून सांगतात की ताणलं, टेकवलं, सोडलं. खाली वाकून, गुडघे मोडून, अंधारात ताणून बसणं तर लांबच राहिलं. बोटांना चामड्याचा टॅब नसेल तर एका संध्याकाळीत कातडं सोलतं, आणि आर्मगार्ड नसेल तर सुटलेली दोरी कोपराच्या आत जी बसते ती जांभळी खूण आठवडाभर जात नाही.

पण तिरकमठा यांनी ते बाण हवेत असतानाच्या वेळेबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. ऑलिंपिकला अंतर ७० मीटर. लक्ष्याचा पूर्ण गोल १२२ सेंटिमीटरचा, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ साधारण १२ सेंटिमीटर. बाण सुटल्याक्षणी बोटांना कळतं की बरा गेला की वाईट, आणि तरी तो लागेपर्यंत बघत राहावं लागतं. दुसरा कुठलाही खेळ मला असं थांबवून ठेवत नाही. गेमवाल्यांना हे सापडलंय याचं मला कौतुक वाटतं.

नेमाबाबतीत किंगडम कम डिलिव्हरन्स जास्त प्रामाणिक आहे. धनुष्य हातात घेतलं की पडद्यावर नेमाचा ठिपकाच नसतो. अंदाजाने मारावं लागतं.

कसबा_पेठ

माहितीपूर्ण! अवांतर: आपल्या महाराष्ट्रात तिरंदाजीचं सध्या फार चांगलं चाललंय ना?

सरळरेघ

फार. २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे. त्याने अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. पंधराच्या पंधरा बाण दहात! त्याआधी टोकियो ऑलिंपिकच्या भारतीय संघात फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव होता, तो पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. पुण्यातल्या लोकांनी राज्य स्पर्धा एकदा जाऊन बघाव्यात. कंपाउंडच्या धनुष्याला टोकांना चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर ताण बराच हलका होतो, त्यामुळे तिथे थोडं जास्त थांबता येतं. म्हणजे स्कायरिमच्या जवळचं तेच, असं म्हणता येईल.

खडकवासला

पुण्याचा विषय निघालाच आहे तर राजी खेळला का कुणी? राजी: ॲन एन्शंट एपिक, २०२० चा. नॉडिंग हेड्स गेम्स हा आपल्या पुण्यातलाच स्टुडिओ. भावाला शोधत निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ, आणि पुढे धनुष्यही मिळतं. ओपन वर्ल्ड नाही आणि लपणंही नाही, तिथे समोरून झुंडी येतात आणि खांबांवरून उड्या मारत लढायचं. पण त्या हवेल्या, भिंतीवरची ती चित्रं, छायापुतळ्यांसारखे कथेचे प्रसंग, हे बघून मला फार भरून आलं होतं. आपल्या गावात बसून कुणीतरी हे बनवलंय.

प्राजक्ता_कोथरूड

राजी अप्रतिम. माझ्यासारख्या धावत जाणाऱ्यांचा गेम.

यावर एक स्वप्न: स्कायरिमचाच आकार, पण सह्याद्रीतला ओपन वर्ल्ड. घाटवाटा, कारवी, धुकं, लेणी, पावसाळ्यात घसरडे कातळ. कारवीत वाकून बसलात तर तिरकमठाही खूश आणि मी गडाच्या दरवाज्यातून धावत जाईन.

अनाहूत

कारवी! सात वर्षांनी फुलणारी. त्या फुलोऱ्यात लपायचं. कुणीतरी हा गेम करा रे.

शेवगा

हा गेम झाला तर मीही धनुष्य घेईन.

पण स्कायरिमबाबत माझं मत कायम आहे, आणि ज्यांना धनुष्यापासून सुटका हवी असेल त्यांच्यासाठी उपाय सांगतो, कारण मी तसाच खेळलो. इल्यूजन (मन भुलवणारी जादू) घ्या. ५० ला क्वायट कास्टिंग पर्क मिळतो, मग मंत्राचा आवाज कुणालाच येत नाही. वरच्या कठड्यावरून खालच्या गर्दीवर फ्रेन्झी टाका. ते एकमेकांना मारतात, तुम्ही बघत बसा. तिरकमठा ज्याला खोली वाचणं म्हणतात ते इथे जास्त लागतं, कारण कुणावर टाकला की कुणाला लागेल याचा हिशेब करावा लागतो. आणि हातात काहीही हत्यार लागत नाही.

तिरकमठा

@शेवगा, हे मी करून बघणार. खरोखर. पण आधी लेजेंडरी. पर्कच्या क्रमावर अजून कुणी काही बोललं नाही.

दिवेलागण

हो, ते राहिलंच. सविस्तर लिहितो.

सुरुवातीच्या हेल्गन गावाच्या भुयारात झोपलेल्या अस्वलाजवळ पोचलात की सोबतचा माणूस स्वतःहून धनुष्य देतो. ते घ्या. (गंमत बघा, अर्ध्या तासाच्या आत गेमने वाकायलाही शिकवलं आणि धनुष्यही हातात दिलं. मग सगळे तिकडे जातात याचं नवल काय?) बाहेर पडल्यावर रस्त्यात तीन गार्डियन स्टोन लागतात. तिथे बहुतेक लोक चोराचा दगड निवडतात. तुम्ही योद्ध्याचा निवडा. स्कायरिममध्ये आर्चरी आणि स्मिदिंग ही दोन्ही योद्ध्याच्या गटात मोडतात, चोराच्या नाही. स्नीक असंही वाकून चालता चालता वाढतं, त्याला मदतीची गरज नाही.

पर्कमध्ये पहिले दोन ओव्हरड्रॉ आणि स्टेल्थची एकेक पायरी. त्यानंतर स्नीककडे जोर लावा: बॅकस्टॅब ३० ला, तो धनुष्याला उपयोगाचा नाही पण डेडली एमची वाट त्यातूनच जाते, आणि ४० ला डेडली एम. तोपर्यंत आर्चरीत जिथे जमेल तिथे ओव्हरड्रॉ वाढवत राहा. ईगल आय घ्यावाच लागतो कारण पॉवर शॉट त्याच्या पुढे आहे, आणि लेजेंडरीवर पॉवर शॉटशिवाय राहू नका. अंगावर येणारा माणूस दोनातल्या एका बाणाला अडखळतो, तेवढ्यात तुम्ही मागे सरकता. स्टेडी हँड मला आवडतो, पण तो चैनीचा. ७० ला क्विक शॉट. बुल्सआय शंभरला मिळतो, तोपर्यंत गरज संपलेली असते.

लाइट आर्मर की कपडे, यावर वाद घालत बसू नका. लेजेंडरीवर चिलखत तुम्हाला फारसं वाचवत नाही, अंतर वाचवतं. स्मिदिंगला मात्र पर्क द्या. सुधारलेलं धनुष्य आणि न सुधारलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पहिला ड्रॅगन येतो तेव्हा व्हाइटरनच्या पश्चिमेच्या बुरुजात शिरा आणि आतून मारा. इरिलेथ आणि पहारेकऱ्यांना त्यांचं काम करू द्या.

सोबती घ्यायचा तर फेंडल. लिडिया जिवाला जीव देते, पण सापळ्यांच्या फरशांवर पाय ठेवते.

सरळरेघ

यात एक जोडते. फॉल्क्रीथच्या दक्षिणेला डोंगरात अँजीचा तळ आहे. ती एकटी राहते. तिच्याशी नीट बोललात तर लक्ष्यांवर सराव करून घेते, आर्चरी फुकट वाढते आणि शेवटी स्वतःचं धनुष्य देते. पूर्ण गेममध्ये तिरंदाजी शिकवण्याचा हा प्रसंग मला सगळ्यात खरा वाटला. वेळेत अमुक इतकी लक्ष्यं मारायची, आणि चुकलं तर पुन्हा.

अनाहूत

डॉनगार्ड (गेमचा जोडभाग) असेल तर किल्ल्यावर लवकर जा, सुरुवातीलाच क्रॉसबो मिळतो. मार धनुष्यापेक्षा जड, भरायला वेळ. पहिल्या बाणासाठी उत्तम.

तिरकमठा

योद्ध्याचा दगड! हे मला कधीच सुचलं नव्हतं. दिवेलागण, वाखूसा (वाचनखूण साठवली). शुक्रवारी रात्री सुरुवात करतो, गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते.

सुलभाकाकू

तिरकमठा, लेजेंडरीवर जाणार असशील तर कॅनिस रूट आणि ज्युनिपरची फळं एकत्र करून काढा कर. तो प्यायलास की थोडा वेळ बाण जास्त लागतो. ज्युनिपर मार्कार्थच्या बाजूला मुबलक आहे, पण त्या भागात फोर्स्वॉर्न टोळीवाले फार, लेव्हल कमी असताना एकटा जाऊ नकोस.

तिरकमठा

काकू, मग तोपर्यंत कॅनिस रूटचं काय करू?

सुलभाकाकू

विषासाठी जपून ठेव. दलदलीत मॉर्थलजवळ मिळेल. विकू नकोस.